सुटायची राहिलेली खोली

सुतार एकदा चालवलं की आमचं ऑफिस एक फुटाने लांब व्हायचं. दिवसातून साधारण चाळीस वेळा ते चालवावं लागे. मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या टेबलावरून उत्तरेकडची भिंत दिसायची, तिच्यावरचं कॅलेंडरही वाचता यायचं. नवव्या वर्षी त्या भिंतीपर्यंत सायकलने जायला पावणेदोन तास लागत होते.

सुतार हे आमच्या बिल्ड टूलचं नाव. नाशिकबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे, पाण्याच्या पंपांवर बसणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कोडचे आठ-नऊ हजार लहान तुकडे असतात. ते ठरावीक क्रमाने एकमेकांना जोडून त्यांचा एक सलग प्रोग्रॅम करायचा, हे सुतारचं काम. जोडकाम चालू असताना त्याला मधल्या वस्तू ठेवायला जागा लागते आणि काम झाल्यावर ती परत करायची असते. सुतार ती परत करत नव्हतं. त्यामुळे अशा प्रत्येक जोडकामामागे, म्हणजे बिल्डमागे, एक फूट जमीन, तिच्यावरची फरशी, वरचं छत आणि एखादं टेबल किंवा कपाट शिल्लक राहायचं.

याचं कोणाला फारसं काही वाटत नसे. कंपनीने सायकली दिल्या होत्या. दर अर्ध्या किलोमीटरवर पाण्याचा कूलर होता. कँटीन दक्षिणेला गेटजवळ असल्याने उत्तरेकडच्या लोकांना चहा गार मिळायचा, तेवढी एक तक्रार वर्षातून दोनदा व्हायची.

ऑगस्टमध्ये उत्तरेची भिंत कालव्याला जाऊन टेकली. कालवा ओलांडायला परवानगी नव्हती. लांबी वाढायला जागा उरली नाही, तेव्हा छत खाली यायला लागलं. एका बिल्डला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिल्या दिवशी पाच इंच गेले. चौथ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने सगळे पंखे काढले. सहाव्या दिवशी आमचे मॅनेजर पेठकर, जे सहा फूट उंच आहेत, जमिनीवर मांडी घालून मीटिंग घेऊ लागले.

त्या मीटिंगनंतर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, सुतारची मेमरी तुम्हीच दुरुस्त करायची, कारण तुम्ही चांदवडकर सरांच्या हाताखाली शिकलात. मी म्हणालो, मग सरांनाच विचारू या. पेठकरांनी विचारलं, सर कुठे असतात. मी म्हणालो, उत्तरेच्या टोकाला, त्यांच्या खोलीत. त्यांनी विचारलं, तुम्ही शेवटचं कधी भेटलात.

मी आठवून पाहिलं. सहा वर्षं झाली होती.

चांदवडकर सरांनी सुतार लिहिलं होतं आणि त्यांच्या पत्नी वत्सला मॅडम यांनी त्याचं मॅन्युअल लिहिलं होतं. दोघं एकाच खोलीत समोरासमोर बसत. सर एखादी गोष्ट बदलत आणि तिकडून मॅडम विचारत की हे मी लोकांना कसं समजावू, मग सर ती परत बदलत. माझी कामाची पहिली दोन वर्षं बरीचशी त्या खोलीतच गेली. पुढे ऑफिस लांबत गेलं तशी ती खोली उत्तरेच्या भिंतीबरोबर सरकत गेली, कारण ती एका जुन्या बिल्डमध्ये तयार झालेली होती आणि कोणी सोडली नव्हती. आधी मी दर शनिवारी सायकलने जायचो, आईने दिलेले मेथीचे लाडू घेऊन. मग महिन्यातून एकदा. त्यांच्या खोलीचा नंबर मी एका कागदावर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता, कारण एव्हाना वाटेत हजारो खोल्या झाल्या होत्या आणि नंबराशिवाय कुठलीच सापडत नसे. एकदा ड्रॉवर आवरताना तो कागद बाकीच्या कागदांबरोबर टाकला गेला. मुद्दाम टाकला नव्हता. पण टाकल्यावर आठवडाभराने लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर मी काही केलं नाही.

पेठकरांना मी एवढंच सांगितलं की सरांशी संपर्क नाही, मी कोड वाचून काढतो.

सुतारमध्ये प्रत्येक वस्तूजवळ एक आकडा असतो. ती वस्तू किती जणांनी धरून ठेवली आहे, तो हा आकडा. कोणी नव्याने धरली की एकाने वाढवायचा, सोडली की एकाने कमी करायचा. शून्य झाला की वस्तू कोणालाच नको आहे असं समजून तिची जागा परत घ्यायची आणि गरज असेल त्या दुसऱ्याला द्यायची. हिशेब इतका साधा आहे. चूक होते ती दोनच प्रकारे. धरून सोडायला विसरलं तर जागा कायमची अडकते. एकदाच धरलेलं दोनदा सोडलं तर जागा वेळेआधी जाते, आणि ज्याची होती तो अजून तिथेच असतो.

मी दोनशे बारा ठिकाणं शोधली जिथे सुतार वस्तू धरत होतं आणि सोडत नव्हतं. आठ दिवस लागले. छत वाचवायला बिल्ड दिवसाला पाचवर आणले होते. दोनशे बाराही ठिकाणी सोडण्याची ओळ घातली आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता दुरुस्ती चढवली.

एके ठिकाणी सोडण्याची ओळ आधीपासूनच होती. ती पुढच्या पानावर असल्याने मला दिसली नव्हती. तिथे मी दुसरी घातली.

साडेदहाला मी वृंदा लोखंडेच्या टेबलाशी गेलो. वृंदा टेस्टिंग करायची. सहा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खात होतो. तिच्या खुर्चीत एक पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. त्यांच्या अंगावर वृंदाचा पोपटी स्वेटर होता, दंडात घट्ट होत होता. मी विचारलं, वृंदा कुठे आहे. ते म्हणाले, बोला ना.

मी म्हणालो, “तुम्ही कोण?”

“गोडांबे,” ते म्हणाले. “पण इथे वृंदा म्हणूनच येतात सगळे. चालेल.”

मी त्यांना सकाळच्या टेस्टचं विचारलं. त्यांना निम्मं माहीत होतं. उरलेल्या निम्म्याच्या जागी ते पंढरीसेठ नावाच्या कोणाच्या तरी दुकानातल्या लोखंडी सळ्यांचे भाव सांगत होते, बहुधा याआधी ते तिथे असावेत. बोलताना ते वृंदासारखंच पेनचं टोपण दातांत धरत होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना जागा मिळाली होती, ते येऊन बसले होते.

मी पळत जाऊन जादा ओळ काढली आणि सुतार पुन्हा चालवलं. गोडांबे जागेवरच राहिले. पेठकरांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी छताकडे पाहिलं, जे खुर्चीत बसूनही त्यांच्या डोक्यापासून वीतभरच वर होतं. मग म्हणाले की दिलेली जागा परत मागता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मला माहीत होतं. दुपारी वृंदाच्या आईचा फोन आला. गोडांबेंनी तो घेतला आणि ‘वेळेवर जेवले’ असं सांगितलं.

ती ओळ काढल्यावर मात्र दुरुस्ती बरोबर झाली. शुक्रवारी दिवसभरात ऑफिस वीस किलोमीटर आत आलं, सोमवारी जेवायच्या आधी उरलेलं. लांबून एक घरघर ऐकू यायची, मग सायकलस्टँड, कूलर, रिकामी कपाटं दिसायची आणि दिसता दिसता नाहीशी व्हायची. छत आपल्या जागी गेलं. इलेक्ट्रिशियनने पंखे लावले. पेठकरांनी पेढे आणले, उभं राहून सगळ्यांना आपल्या हाताने दिले आणि मला दोन दिले. मी एक वृंदाच्या टेबलावर ठेवला. गोडांबेंनी तो खाल्ला.

त्याच दुपारी माझ्या टेबलामागे एक खोली येऊन उभी राहिली. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, पिस्ता रंगाच्या भिंती. उत्तरेची भिंत जशी आत आली तशी ही खोलीही तिच्यापुढे ढकलली जात आली आणि माझ्या खुर्चीला टेकून थांबली. तिला आता दार उरलं नव्हतं. एसीचा पाइप जाण्यासाठी पाडलेलं एक भोक तेवढं होतं, कमरेच्या उंचीवर, मनगटापेक्षा थोडं मोठं. मी कान लावला. आत कोणीतरी टाइप करत होतं आणि दुसरं कोणीतरी पान उलटत होतं.

मी भोकाला तोंड लावून हाक मारली. टाइप करणं थांबलं.

“जयवंता,” सर म्हणाले, “दोनशे अकरा हवे होते.”

मी म्हणालो, हो सर, एक चुकलं. त्यांनी विचारलं, कोण गेलं. मी नाव सांगितलं. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. मॅडमनी मागून विचारलं, मुलगी कुठली होती. मी म्हणालो, सिन्नरची. मग त्यांनी मला विचारलं की जेवलास का, आणि मी हो म्हणालो.

ती खोली का सुटली नाही हे मला एव्हाना कळलं होतं. सरांनी मॅडमना धरलेलं होतं आणि मॅडमनी सरांना. दोघांचा आकडा एक-एक होता. बाहेरून त्यांना कोणी धरलेलं नव्हतं, पण सुतार फक्त आकडा बघतं आणि आकडा शून्य होत नव्हता. अशी जोडी मोजणीत कधीच सापडत नाही. हे सरांनीच मॅन्युअलमध्ये लिहिलं आहे, म्हणजे मॅडमनी लिहिलं आहे.

पुढच्या दोन-तीन दिवसांत ऑफिस घट्ट व्हायला लागलं. सुतार आता बारकाईने जागा परत घेत होतं. कोणी चहाला उठलं की परत येईपर्यंत खुर्ची नसायची, म्हणून लोक खुर्ची ओढत कँटीनला जाऊ लागले. बुधवारी स्टोअरमधले दोघे कामावर आले तरी दिसले नाहीत. त्यांना कोणी काही मागायला गेलं नव्हतं, त्या दिवशी कोणाला स्टेशनरी लागलीच नव्हती. हे कळल्यावर माणसं एकमेकांच्या बाह्या धरून बसू लागली. अकाउंट्समधल्या बायकांनी ओढण्या एकमेकींना गाठी मारून बांधल्या. मी माझा कोड तीनदा तपासला. तो बरोबर होता.

बुधवारी संध्याकाळी पाचला पेठकर माझ्या टेबलाशी आले. वरच्या ऑफिसला रोज एक रिपोर्ट जायचा, त्यात सुटायच्या राहिलेल्या वस्तूंचा रकाना होता. तिथे ‘एक खोली’ असं येत होतं आणि तिथे शून्य यायला हवं होतं. त्यांनी पिस्ता भिंतीवर हात ठेवला आणि विचारलं, हिचं काय करायचं.

यावर एक रीत आहे आणि ती सगळ्यांना माहीत आहे. आकड्यावर विसंबायचं नाही. गेटपासून निघायचं. पहिल्या माणसाला विचारायचं, तू कोणाला आणि कशाला धरून आहेस. तो सांगेल तिथे जायचं, खूण करायची, त्यांना तेच विचारायचं. असं करत जिथवर पोचता येईल तिथवर पोचायचं. शेवटी ज्याच्यावर खूण नाही ते झाडून टाकायचं, मग त्याचा आकडा काहीही असो.

पेठकर म्हणाले, ते लिहा. शुक्रवारी अकराला चालवू.

मी म्हणालो, आत माणसं आहेत. मी सांगितलं कोण आहेत. पेठकर वाईट माणूस नाहीत. त्यांनी लगेच डायरी काढली आणि पेनचं झाकण उघडलं. म्हणाले, एवढंच ना, मी धरतो त्यांना. डायरीत लिहून ठेवलं की झालं. नंबर काय खोलीचा?

मी भोकातून सरांना नंबर विचारला. सर म्हणाले, नंबर बाहेरून दारावर लिहिलेला होता, आम्ही आतच असायचो, आम्ही तो कधी पाहिला नाही. मॅडम म्हणाल्या की चार आकडी होता, एवढं आठवतं. मी खोलीभोवती एक चक्कर मारून आलो. चारही बाजूंना सपाट भिंत होती. पेठकर डायरी उघडी धरून उभे होते.

“धरायला माझी ना नाही,” ते म्हणाले. “पण धरू काय?”

थोड्या वेळाने त्यांनी पेनचं झाकण लावलं. जाताना म्हणाले की तुम्हाला जमत नसेल तर गोडांबे लिहितील. गोडांबेंना निम्मंच माहीत होतं. निम्म्या माहितीवर लिहिलेली झाडणी कोणाकोणाला नेईल हे मला दिसत होतं. म्हणून मी लिहायला बसलो.

गुरुवारी सकाळी मी एकेक ओळ सरांना वाचून दाखवली. त्यांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, दोन्ही योग्य होत्या. कोणाचं काम संपलं की त्याला धरणाऱ्याने लगेच सोडलं पाहिजे, नाहीतर खुणा नको तिथे पोचतात, असं ते म्हणाले. मी ती ओळ घातली. मग मी म्हणालो, सर, ही झाडणी तुमच्या खोलीसाठीच आहे.

“ते कळलं,” ते म्हणाले. “मी बाहेर असतो तर मीही हेच लिहिलं असतं.”

मी त्यांना कागदाचं सांगितलं. नंबर माझ्याकडे होता, तुम्हाला बाहेरून धरणारा मी एकटाच होतो आणि मी तो कागद टाकला. आत पान उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर ना? आम्हाला जाणवलं होतं, खोली जरा हलली होती.

सरांनी मग सैल धरण्याचा विषय काढला. कोडमध्ये असं करता येतं की एखाद्याला धरायचं पण ते मोजायचं नाही. बघायचं, बोलायचं, पण आपल्या धरण्यावर त्याचं असणं अवलंबून ठेवायचं नाही. दोघांपैकी एकाचं धरणं सैल केलं की दुसऱ्याचा आकडा शून्य होतो, ते सुटतं, आणि मग पहिलंही सुटतं. दोघं जातातच. फक्त झाडूने एकदम जात नाहीत, एकामागून एक, रीतसर जातात.

“तिचं सैल कर,” सर म्हणाले. “म्हणजे आधी मी सुटेन.”

“मला विचारलंत?” मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. तासभर आत हलक्या आवाजात चर्चा चालली होती. शब्द नीट ऐकू येत नव्हते. दोघांचाही आवाज चढला नाही. जेवायच्या सुट्टीत मी टेबलावर डबा उघडून बसलो आणि न खाता बंद केला. अडीचला सर म्हणाले, आमचं ठरत नाहीये, तू ठरव. मी कीबोर्डवर बोटं ठेवली. दोन्ही ओळी मला पाठ होत्या. मी कुठलीही लिहिली नाही, आणि पाच वाजता झाडणीचा कोड तसाच पाठवून दिला.

शुक्रवारी नऊला मी ऑफिसात आलो आणि बाही वर करून उजवा हात भोकात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढे गेला नाही. मी म्हणालो, सर, हात द्या. थोडी खुडबुड झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. मी ती धरली. त्यांचा आकडा दोन झाला. आता त्यांना बाहेरून कोणीतरी धरलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला कपाळ टेकून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

“हे चालेल,” सर म्हणाले. “पण तुला कोणी धरलंय ते पाहिलंस का?”

मी म्हणालो, पेठकरांनी. माझं काम त्यांच्याकडे असतं. सर हं म्हणाले.

तरी मी डाव्या हाताने कल्याणीला फोन लावला. ती माझी बायको. तिला जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. ती म्हणाली, मी धरलंय की तुला. मी म्हणालो, गेटच्या बाहेरून धरलेलं इथे मोजत नाहीत.

“मग कुठे मोजतात?” तिने विचारलं.

मग म्हणाली की मी गेटवर येते. अर्ध्या तासाने तिचा फोन आला. वॉचमन आत सोडत नव्हता. ती म्हणाली, इथून तुझी खिडकी दिसतेय. मी म्हणालो, माझ्या बाजूला खिडकी नाही.

अकराला हौसाबाई खडू घेऊन गेटपासून निघाल्या. हौसाबाई ऑफिसची साफसफाई करतात. सगळ्या खोल्यांत जायची सवय असलेल्या त्या एकट्याच, म्हणून हे काम त्यांना दिलं होतं. त्यांनी वॉचमनच्या खुर्चीवर पांढरा ठिपका दिला, वॉचमनच्या खांद्यावर दिला आणि विचारलं, कोणाला धरलंय. वॉचमनने रिसेप्शनच्या मुलीचं नाव घेतलं. तिने पेठकरांचं, पाण्याच्या जारचं आणि अकाउंट्सच्या तिघींचं. हॉलमध्ये सगळे शांत बसले होते. ज्यांच्या खांद्यावर ठिपका पडायचा ते तो न पुसेल अशा बेताने मागे टेकायचे.

पेठकरांच्या टेबलाशी हौसाबाई बराच वेळ होत्या. त्यांनी यादी सांगितली. लॅपटॉप, गाडीची किल्ली, दोन टीम लीड, डायरी, गोडांबे. मी पुढचं नाव ऐकायला थांबलो. हौसाबाई पुढे निघाल्या.

मी हाक मारली. म्हणालो, पेठकर, मी राहिलो.

पेठकरांनी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. म्हणाले की तुमचं काम पूर्ण झालं, साडेदहाला ते बंद झालं, बंद झालं की सुटतं. काल तुम्हीच तसं घातलंत. मी म्हणालो, मग आता पुन्हा धरा. ते म्हणाले, खूण करणारी माझ्यापासून पुढे गेलीये, आता धरलेलं ती मोजणार नाही. तेही बरोबर होतं. तीही ओळ माझीच होती.

हौसाबाई गोडांबेंकडे पोचल्या. ते माझ्यापासून तीन टेबलांवर होते. मी म्हणालो, गोडांबे, तुम्ही वृंदाच्या जागी आहात, वृंदा मला ओळखत होती, तुम्ही माझं नाव घ्या. गोडांबेंनी पेनचं टोपण तोंडातून काढलं. ते मनापासून आठवत होते, कपाळाला आठ्या पडल्या. डब्यात शेंगदाण्याची चटणी असायची, तेवढं आठवतंय, ते म्हणाले. कोणाच्या डब्यात ते येत नाही.

हौसाबाईंनी त्यांच्या स्वेटरवर ठिपका दिला आणि माझ्या टेबलाशी आल्या. टेबल कंपनीने धरलं होतं, त्यावर ठिपका. खुर्चीवर ठिपका. कीबोर्डवर, कपावर, वायरच्या पिनवर. मग त्या माझ्यापुढे उभ्या राहिल्या. नऊ वर्षं आम्ही रोज सकाळी एकमेकांना पाहत होतो.

“दादा,” त्या म्हणाल्या, “तुमचं नाव कोणी घेतलं नाही.”

मी म्हणालो, तुम्ही घ्या. तुम्ही धरा मला. त्या म्हणाल्या, मी धरत नाही दादा, मी चालते. धरलं तर खडूला हात कुठला?

मी मान हलवली. त्यांच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं. त्या पिस्ता भिंतीच्या कडेने चालत गेल्या, खालच्या फरशीवर ठिपके देत, आणि माझ्या पायाखालच्या दोन फरश्या तेवढ्या सोडून पलीकडे निघून गेल्या. मी हात बाहेर ओढून पाहिला. तो निघाला असता, मला वाटतं. पण मग सरांची बोटं सुटली असती. मी ती धरूनच राहिलो.

सरांना मी म्हणालो, मला कोणी धरलेलं नाही. ते म्हणाले, असं कसं, मी धरलंय की. मी म्हणालो, हो. म्हणजे आता आपण तिघं. ते म्हणाले, तिघंच.

गेटच्या बाजूला हौसाबाईंनी खडू डबीत ठेवला. डबीचं झाकण लावलेलं ऐकू आलं. त्यांनी झाडू घेतला. पहिल्या फटकाऱ्याला कँटीनच्या बाजूचं एक कपाट गेलं, दुसऱ्याला एक सायकल. कोणीही मान वर केली नाही. माझ्या कोपराभोवतीचं प्लास्टर थोडं आवळल्यासारखं झालं. आत बोटांवर आणखी दोन हात आले, लहान, कोरडे, एका बोटात अंगठी.

“अहो,” वत्सला मॅडम म्हणाल्या, “किती गार पडलाय हा.” आणि त्यांनी माझा हात दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला सुरुवात केली.